कलेक्शन एजन्सीचं पत्र आलंय, दोन वर्षांपूर्वीच्या अपार्टमेंटचं. भरून टाकू का भांडू?

मुग्धा_एडिसन

नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितेय त्यामुळे विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या. आम्ही २०२० ते जुलै २०२३ टेक्ससला अर्विंगमध्ये राहत होतो, मग नवऱ्याचा प्रोजेक्ट बदलला आणि न्यू जर्सीला एडिसनमध्ये आलो. तिथलं घर सोडताना मी स्वतः दोन दिवस गुडघ्यावर बसून घासलंय, ओव्हनच्या जाळीसकट, आणि चाव्या ऑफिसात दिल्या तेव्हा तिथल्या बाईंनी हसून ऑल गुड म्हणून निरोप दिला. ३०० डॉलर डिपॉझिट होतं ते कधी परत आलं नाही, आम्हीपण मुलीची शाळा आणि नवीन घर ह्या गडबडीत मागे लागलो नाही, ही आमची चूक.

आता परवा एका कलेक्शन एजन्सीचं पत्र आलं. नाव बापजन्मी ऐकलेलं नाही. आमच्या आडनावाचं स्पेलिंगपण चुकलंय. आत एक छोटा तक्ता आहे, ३१ जुलै २०२३ ला बाकी १,६४० डॉलर, व्याज १५६, फी शून्य, तुम्ही भरलेले शून्य, एकूण १,७९६. कशाचे पैसे ते कुठेच नाही, फक्त जुन्या अपार्टमेंट कंपनीचं नाव. आणि काल दोनदा फोन. तो माणूस म्हणे कार्पेट बदलावं लागलं आणि किचनचा काउंटरटॉप खराब केलात, आज निम्मे भरलेत तर सेटल करतो, ऑफर आजपुरतीच.

आता कार्पेटचं सांगते, बेडरूमच्या दाराशी इस्त्रीचा चटका होता तो आम्ही राहायला गेलो तेव्हापासूनचा, फोटो आहे माझ्याकडे. काउंटरचं मात्र खोटं कशाला बोलू, फोडणीच्या डब्याजवळ हळदीचा डाग होता. लिंबू, बेकिंग सोडा, उन्हात पडदा उघडा ठेवून वाट बघणं, सगळं झालं, तरी रुपयाएवढा पिवळा राहिलाच.

नवरा म्हणतो आपलं ग्रीन कार्डचं चालू आहे, उगाच रेकॉर्डवर काही नको, भरून टाकू. माझी मैत्रीण म्हणते नुसतं डिस्प्यूट लिहून पाठव, त्यांना ३० दिवसांत पुरावा द्यावाच लागतो आणि नाही दिला तर कर्ज रद्द होतं. हे खरंय का? फोनवर मी त्याला हे आम्हाला मान्य नाही असं सांगितलंय, तेवढं पुरतं का?

भरून_मोकळा

ताई मी तर म्हणतो ९०० मध्ये सुटत असेल तर द्या आणि झोपा शांत. माझे मागे असेच ४०० गेले हॉस्पिटलच्या बिलात, कोण डोकेफोड करणार. वेळेलापण किंमत आहे राव.

वाटाड्या_०७

भरून_मोकळा, तुमचं तुम्हाला लखलाभ, पण ज्या पैशांचा हिशोब समोरच्याने दाखवलाच नाही ते झोप यावी म्हणून देणं म्हणजे कमाल आहे.

मुग्धाताई, पहिलं काम, फोनवर बोलणं बंद. फोनवर तो हुशार आणि तुम्ही गोंधळलेल्या, आणि तो रेकॉर्ड करतोय. दुसरं, आजच्या आज निम्मे वगैरे काही नाही. थोडे जरी भरले तरी पुढे तुम्ही कबूल केलंत असं म्हणायला जागा होते, आणि बऱ्याच राज्यांत जुन्या कर्जावर पार्ट पेमेंट केलं की कोर्टात जायच्या मुदतीचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. टेक्ससमध्ये ही मुदत ४ वर्षांची आहे, तुमचं प्रकरण अजून मुदतीत आहे हे लक्षात असू द्या.

आता मैत्रिणीचं म्हणणं. निम्मं बरोबर, निम्मं व्हॉट्सॲप. १९७७ चा फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट आहे, त्यातलं कलम ८०९ तुमच्या कामाचं. त्यातले ३० दिवस हे तुमचे आहेत हो, त्यांचे नाहीत. इथेच सगळे घसरतात. पत्र हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत तुम्ही लेखी कळवलं की हे मला मान्य नाही, तर त्यांनी व्हेरिफिकेशन, म्हणजे देणं खरं असल्याची खातरजमा, पाठवेपर्यंत वसुली थांबवायची, म्हणजे फोन नाही, मागणीचं पत्र नाही, काही नाही. जेवढ्या रकमेवर वाद आहे तेवढ्याची. पण त्यांनी किती दिवसांत उत्तर द्यायचं ह्याची मुदत ह्या कायद्यात नाहीच! महिन्याने देतील, सहा महिन्यांनी देतील, नाहीतर कधीच देणार नाहीत. गप्प बसणं हे त्यांच्यासाठी कायदेशीर उत्तर आहे, फक्त गप्प म्हणजे पूर्ण गप्प, उत्तर नाही आणि वसुलीपण नाही असं पाहिजे. आणि उत्तर आलं नाही म्हणून कर्ज रद्द होत नाही, घर भाड्याने देणारी कंपनी म्हणू शकते की आमचे पैसे आहेतच.

फोनवर सांगितलं ते अगदीच वाया नाही. तोंडी वाद घातलात तरी पुढे क्रेडिट ब्युरोला (आपल्या सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) कळवताना त्यांना त्यावर वादग्रस्त अशी नोंद करावी लागते. पण वसुली थांबवायची सक्ती लागू होते ती लेखी दिल्यावरच.

आणखी एक गैरसमज, की हे ३० दिवस ते काही करू शकत नाहीत. करू शकतात. तुम्ही लिहून देत नाही तोवर फोन, पत्र सगळं चालू ठेवू शकतात, फक्त तुमच्या हक्कावर बोळा फिरेल असं बोलायचं नाही. त्यामुळे २९ व्या दिवशी जागं होण्यात काही शहाणपण नाही.

पत्र परत एकदा नीट बघा. ३० नोव्हेंबर २०२१ पासून रेग्युलेशन एफ, म्हणजे ह्याच कायद्याखालचे नियम, लागू झालंय, त्याप्रमाणे पत्रात शेवटची तारीख छापलेली असते, अमुक तारखेपर्यंत कळवा म्हणून, आणि खाली कापून पाठवायचा फॉर्म असतो, चौकोन असतात, हे कर्ज माझं नाही, रक्कम चुकीची आहे, इतर. आहे का?

मुग्धा_एडिसन

हो हो आहे! मी ती जाहिरात समजून दुमडून ठेवली होती. तारीख २१ जून आहे. म्हणजे अजून २३ दिवस आहेत. मग मी "माझं नाही" वर खूण करू का "रक्कम चुकीची" वर? आणि हळदीचं लिहू का?

वाटाड्या_०७

हळदीचं अजिबात लिहू नका 😀 लिंबू आणि बेकिंग सोडापण नको. तुम्ही प्रामाणिक आहात हे त्या एजन्सीला कळून काय उपयोग.

"रक्कम चुकीची" आणि "इतर" दोन्हींवर खूण करा आणि वेगळ्या कागदावर चार ओळी. अमुक तारखेचं पत्र मिळालं, अमुक खाते क्रमांक, ह्या पूर्ण रकमेवर माझा वाद आहे, व्हेरिफिकेशन पाठवा, हे पैसे मुळात कोणाला द्यायचे त्याचं नाव पत्ता पाठवा, आणि १,६४० कशाकशाचे आणि १५६ व्याज कोणत्या आधाराने लावलं ते दाखवा. व्याज किंवा फी ही लीजमध्ये लिहिली असेल किंवा कायदा परवानगी देत असेल तरच लावता येते, मनाने नाही. बस. कोणतं तरी देणं मला मान्य आहे असा सूर कुठेही नको. सीएफपीबीच्या (ग्राहकांच्या आर्थिक हक्कांचं सरकारी ऑफिस) साइटवर अशा पत्रांचे तयार नमुने आहेत ते बघून घ्या, चांगले आहेत. (खुद्द त्या ऑफिसचं काम २०२५ मध्ये बरंच थंडावलंय, पण नमुन्यांना त्याने काही फरक पडत नाही. तक्रार करायची वेळ आलीच तर राज्याच्या ॲटर्नी जनरलकडेपण करता येते.)

पाठवा सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीट घेऊन. पोस्टातून ते हिरवं कार्ड सही होऊन परत येतं ना, ते जपून ठेवायचं. ज्या एजन्सी ईमेल किंवा वेबसाइटवरून ग्राहकांशी व्यवहार करतात त्यांना तिथून पाठवलेला वादपण मोजावा लागतो, पण मला विचाराल तर कागद तो कागद.

अण्णा_डॅलस

मी इथे २२ वर्षं आहे, मुग्धा, तुझी खरी लढाई एजन्सीशी नाहीच, अपार्टमेंटवाल्यांशी आहे. टेक्सस प्रॉपर्टी कोड वाच. घर सोडल्यापासून ३० दिवसांत डिपॉझिट परत द्यायचं, आणि कापलं असेल तर कशासाठी किती त्याची यादी द्यायची, आणि रोजच्या वापराने झालेली झीज, ज्याला इथे वेअर अँड टेअर म्हणतात, त्याचे पैसे कापताच येत नाहीत. तीन वर्षं माणसं चालली की कार्पेट दबणारच, त्यावर काय उडत राहायचं होतं का. यादी आली होती का कधी? आणि तू नवीन पत्ता लेखी दिला होतास का, हा मुद्दा फार महत्त्वाचा, लेखी पत्ता दिलेला नसेल तर ही ३० दिवसांची सक्ती त्यांच्यावर येत नाही.

त्यांनी मुद्दाम डिपॉझिट दाबलं असं ठरलं तर १०० डॉलर अधिक दाबलेल्या रकमेच्या तिप्पट असं देणं लागतात ते, वर वकिलाची फी. हे एका ओळीत पत्रात टाकलंस की समोरच्याचा आवाज बदलतो, अनुभव आहे.

मुग्धा_एडिसन

अण्णाकाका, यादी कधीच आली नाही. पत्ता मूव्हआउट फॉर्मवर लिहून दिला होता, आणि त्या फॉर्मचा फोटो आहे कारण मी सगळ्याचे फोटो काढते (नवरा हसतो त्याला). एक भाबडा प्रश्न, व्हेरिफिकेशन म्हणजे नक्की काय पाठवतात? बिलं, फोटो वगैरे?

केविन_कोथरूडकर

इथे मी बोलायलाच पाहिजे 😄

२०११ ते १३ मी पुण्यात एका बीपीओत अमेरिकन कलेक्शन प्रोसेसला होतो. नाव केविन, शिफ्ट संध्याकाळी साडेपाचची, कारण ईस्टर्न टाइमचे सकाळचे ८ वाजले की पहिला फोन लावायला परवानगी, आणि त्यांचे रात्रीचे ९ वाजले की बंद, म्हणजे आपली सकाळची साडेसहा. थंडीत तिकडचं घड्याळ सरकलं की आमचं सगळंच तासाने पुढे. कॅबमध्ये झोपायचं आणि घरी जाऊन आईला सांगायचं की कॉम्प्युटरचं काम असतं.

तर ताई, आमच्या स्क्रीनवर काय दिसायचं सांगतो. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे, रक्कम, तारीख, मूळ कंपनीचं नाव, आणि आधीच्या लोकांनी टाकलेल्या नोट्स. झालं. ना बिल, ना फोटो, ना करार. तो जो माणूस कार्पेट कार्पेट म्हणतोय ना त्याने ते कार्पेट बघितलेलं नाही, त्याच्या नोटमध्ये तेवढा एक शब्द आहे आणि बाकीचं आवाजात. "आजपुरती ऑफर" तर आम्ही रोज द्यायचो, एकाच माणसाला. महिनाअखेरीला अजून मोठी ऑफर निघायची.

फोन उचलला की आधी राइट पार्टी आहे ना बघायचं, म्हणजे तोच माणूस का, कारण बायकोव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाला, शेजाऱ्याला, ऑफिसातल्याला, कर्जाबद्दल बोललो की नोकरी गेली. मग मिनी मिरांडा म्हणायचा, की हा कर्जवसुलीचा प्रयत्न आहे आणि तुम्ही द्याल ती माहिती त्यासाठी वापरली जाईल. दिवसाला दीडशे वेळा. मला आजही झोपेत येतो.

आणि लेखी डिस्प्यूट आला की काय व्हायचं? अमेरिकेतल्या ऑफिसात पत्र स्कॅन व्हायचं, खात्याला एक कोड लागायचा आणि ते खातं आमच्या डायलरमधून, म्हणजे आपोआप फोन लावणाऱ्या सिस्टिममधून, उडायचं. गायब. आम्हाला दिसायचंच नाही. टीम लीड चिडायचा कारण टार्गेट कमी व्हायचं. मग मूळ कंपनीला विचारणा जायची, तिकडून कागद आले तर खातं परत जिवंत, नाही आले तर खातं मूळ कंपनीला परत पाठवायचे. छोट्या रकमांचे कागद बऱ्याचदा यायचेच नाहीत असं आम्ही बघितलंय, कोण शोधत बसणार.

फोनवर "मान्य नाही" म्हणणाऱ्यांना मात्र आम्ही म्हणायचो, बरं सर, का मान्य नाही सांगा ना, आणि तो सांगायला लागला की अर्धं काम झालं.

वाटाड्या_०७

केविन, दंडवत 🙏

मुग्धाताई, कायद्याने व्हेरिफिकेशन म्हणजे काय ह्यावर कोर्टांचं एकमत नाही, आणि ही गोष्ट लोक सांगत नाहीत. फोर्थ सर्किटने (सर्किट म्हणजे तिथली विभागवार अपील कोर्टं) १९९९ मध्ये म्हटलं की एजन्सीने मूळ कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यायची की आम्ही जेवढे मागतोय तेवढेच तुम्ही म्हणताय ना, बस, त्याच्या खोलात शिरायची गरज नाही. सिक्स्थ सर्किटने २०१४ मध्ये जरा जास्त मागितलं, ग्राहकाला हे देणं कुठून कसं आलं ते समजेल इतपत तरी दाखवा म्हणून. म्हणजे तुम्ही फोटो आणि बिल मागा, मागायला काही जात नाही, पण हाती एक कागद आला आणि ते म्हणाले झालं व्हेरिफिकेशन, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आणि तो कागद पाठवल्यावर फोन पुन्हा सुरू होऊ शकतात. तोच वाद नवीन काहीही न सांगता पुन्हा पाठवला तर त्यांना "आधीच उत्तर दिलंय" एवढं कळवून मोकळं होता येतं.

म्हणूनच अण्णा म्हणतात ते खरं. एजन्सीला लिहायचं ते श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. मूळ भांडण घरवाल्यांशी.

फोनचं म्हणाल तर एका कर्जासाठी ७ दिवसांत ७ पेक्षा जास्त वेळा लावले तर छळ मानला जातो, आणि एकदा बोलणं झालं की पुढचे ७ दिवस पुन्हा लावायचा नाही असा नियम आहे. काल एकाच दिवशी दोनदा बोलला ना, तारीख वेळ लिहून ठेवा.

ग्रीन कार्डबद्दल, हा दिवाणी मामला आहे, गुन्हा नव्हे. कर्जासाठी अटक किंवा व्हिसाचं काही करू अशी धमकी कोणी दिली तर ती धमकीच बेकायदा आहे. साहेबांना सांगा चहा घ्या.

पुणेरी_पेन्शनर

चर्चा वाचतो आहे. आमच्याकडे हे असं काही आहे का? मला बंद केलेल्या क्रेडिट कार्डाच्या ८,००० रुपयांसाठी तीन महिने एक मुलगा फोन करतो, परवा तर पावणेआठला आरतीच्या वेळी. मी बँकेला दोन पत्रं दिली आहेत, पोच आहे.

वाटाड्या_०७

काका, अमेरिकेसारखा वेगळा कायदा नाही, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही असं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकातच सांगितलंय, म्हणजे पावणेआठ सकाळचे का संध्याकाळचे, दोन्हीकडून तो चुकलाच. आणि २००८ पासूनच सांगितलेलं आहे की ग्राहकाची तक्रार बँकेकडे पडून असताना प्रकरण वसुली एजंटकडे पाठवायचं नाही, आधी तक्रार निकालात काढायची. गोम एवढीच की बँकेला पुराव्यानिशी वाटलं की माणूस उगाचच तक्रारी करतोय तर ती पुढे जाऊ शकते. तुमच्याकडे पोच आहे, बँकेने ३० दिवसांत नीट उत्तर दिलं नसेल तर सरळ रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन टाका, फी नाही. वेगळा धागा काढा काका, इथे मुग्धाताईंचं कार्पेट राहून जाईल.

केविन_कोथरूडकर

आरतीच्या वेळी फोन, अरेरे. आम्ही निदान घड्याळ बघायचो.

अण्णा_डॅलस

एक राहिलं, आणि हे विसरू नका कोणी. डिस्प्यूटचं पत्र आणि कोर्टाचं समन्स ह्या दोन वेगळ्या गोष्टी. समन्स आलं तर "मी एजन्सीला लिहिलंय की" म्हणून गप्प बसायचं नाही. न्यू जर्सीत उत्तर द्यायला ३५ दिवस असतात, टेक्ससच्या जस्टिस कोर्टात (छोट्या रकमांचे दावे चालतात ते स्थानिक कोर्ट) १४. त्यांना दावा तू राहतेस तिथे किंवा जिथे करार झाला तिथेच लावता येतो, म्हणजे एडिसन किंवा अर्विंगकडची कोर्टं. माझ्या ओळखीतल्या एकाचं समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, ह्याला पत्ताच नाही, निकाल विरुद्ध लागला आणि बँकेतले पैसे अडकल्यावर कळलं. जुन्या पत्त्यावरची टपाल फॉरवर्डिंग चालू आहे का बघ.

मुग्धा_एडिसन

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज दुपारी पोस्टात जाऊन आले. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, रिटर्न रिसीट ग्रीन कार्ड? मी म्हटलं हो, एक तरी मिळू दे.

मुग्धा_एडिसन (सहा आठवड्यांनी)

अपडेट द्यायला आले, उशीर झाला.

हिरवं कार्ड सहाव्या दिवशी सही होऊन आलं. फोन त्याच दिवसापासून बंद, चक्क शांतता, केविनदादा तुमचा डायलर खरंच असणार. तीन आठवडे काहीच नाही आणि मग एक पाकीट. आत एक पान, अपार्टमेंटच्या सिस्टिममधून छापलेलं. कार्पेट पूर्ण युनिट १,१८०, काउंटरटॉप रिसरफेस ३४०, क्लीनिंग १२०. क्लीनिंग! मी दोन दिवस गुडघ्यावर! तो आकडा बघून मला कार्पेटपेक्षा जास्त राग आला. व्याजाबद्दल अवाक्षर नाही आणि आमचे डिपॉझिटचे ३०० कुठेच वजा केलेले नाहीत. आणि वाटाड्या म्हणाले तसंच, दोन दिवसांत फोन पुन्हा सुरू.

मग अण्णाकाकांच्या सांगण्याप्रमाणे अपार्टमेंट कंपनीच्या हेड ऑफिसला पत्र, त्याची कॉपी एजन्सीला. चटक्याचा ऑगस्ट २०२० चा फोटो, मूव्हआउट फॉर्मचा फोटो, घासलेल्या ओव्हनचा फोटो (तोपण काढला होता, आता नवरा हसत नाही), कार्पेट कधी बसवलं होतं ते सांगा, ३० दिवसांत यादी का दिली नाही, आणि ती तिपटीची एक ओळ. काउंटरबद्दल मी एवढंच लिहिलं की त्याचं बिल दाखवा. तसं त्या पिवळ्या डागाचे ४०-५० डॉलर कोणी नीट मागितले असते तर मी दिले असते हो.

परवा एजन्सीचं दोन ओळींचं पत्र आलं, तुमचं खातं आमच्याकडून बंद करून क्लायंटकडे परत पाठवलंय. तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट काढून बघितले, कुठे काही नोंद नाही. म्हणजे हे संपलं का?

वाटाड्या_०७

वा! नोंद नाही हे विशेष बरं झालं. एजन्सीला ब्युरोकडे जायच्या आधी तुम्हाला कळवून साधारण १४ दिवस थांबावं लागतं, त्या आतच तुमचं पत्र पोचलं. नोंद झाली असती तर ब्युरोकडे वेगळा वाद टाकावा लागला असता, तो वेगळ्या कायद्याखाली, आणि तिथे मात्र खरोखरच ३० दिवसांत चौकशी करायची मुदत त्यांच्यावर असते. तुमच्या मैत्रिणीने बहुतेक हे दोन एकत्र केले होते.

केविन_कोथरूडकर

संपलं असं नाही म्हणणार मी. परत गेलेली खाती दुसऱ्या एजन्सीला जाऊ शकतात, आमच्याकडेच किती यायची अशी सेकंडहँड. पण नवीन एजन्सीला नवीन पत्र पाठवावंच लागतं, नवीन तारीख, नवीन ३० दिवस. तेव्हा तेच पत्र तारीख बदलून पाठवायचं, जोडीला सगळ्या कॉपी. फाइल फेकू नका, आणि ते हिरवं कार्ड तर नाहीच नाही.

मुग्धा_एडिसन

नाही फेकणार, नवऱ्याने ते फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लावलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, आमचं ग्रीन कार्ड म्हणून. डिपॉझिटचे ३०० मात्र अजून आलेले नाहीत, हेड ऑफिसकडून उत्तर नाही. अण्णाकाका, टेक्ससच्या त्या जस्टिस कोर्टात इथून न जाता दावा लावता येतो का? वेगळा धागा काढते, तिकडे या.